पडवीतली मिरची: ट्रे कोणता घ्यावा आणि त्यात भरायचं काय

नवरात्रात घटाखाली रुजवण घालताना कोणी माती पारखत बसत नाही. पत्रावळीवर चार मुठी माती, त्यात भिजवलेलं धान्य, वर रोज थोडं पाणी. नऊ दिवसांत वीतभर पिवळं रुजवण उभं राहतं. गव्हाच्या किंवा भाताच्या दाण्यात कोंबाची शिदोरी भरपूर असते, म्हणून देवघराच्या अंधारातही ते वाढतं. मिरचीच्या बियाला तशी शिदोरी नसते. ग्रॅमभरात दीडशेच्या आसपास बिया बसतात, त्यातल्या एकीत साठवण ती किती असणार! कोंब वर आला की त्याला लगेच उजेड लागतो, मुळाला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत अन्नही बाहेरून लागतं. म्हणून मिरची, वांगी, टोमॅटो घरात रुजवायचे असतील तर भांडं आणि भरण नीट पारखून घ्यावं लागतं.

मी दापोली तालुक्यात राहते. गेली चौदा वर्षं घराच्या पडवीत रोपं करते, आमच्यासाठी आणि वाडीतल्या आठ-दहा घरांसाठी. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात कापून होतं आणि मोकळ्या खाचरात, विहिरीच्या आधारानं, मिरची-वांगी लागतात. लावणी नोव्हेंबरच्या मध्याला करायची तर मिरचीचं बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडत येतो. उघड्या गादीवाफ्यावरचं बी एका सरीत एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून पडवी.

सासूबाई रोपं राबावर करायच्या. शेण, पातेरा, कवळ पसरून जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत बी फेकायचं. भाजल्यामुळे तणाचं बी आणि मातीतली बुरशी बरीचशी मरते, त्यामुळे उगवण छान व्हायची. अडचण पुढे यायची, रोपं उपटताना. बारीक मुळं मातीत तुटून राहायची आणि लावलेली मिरची आठवडाभर मान टाकून असायची. छोट्या छोट्या कपांच्या प्लास्टिकच्या ट्रेमधलं रोप आपल्या मुळांच्या गड्डीसकट निघतं आणि दुसऱ्या दिवशी ताठ असतं. ट्रे वापरण्याचं मुख्य कारण माझ्या मते एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

पण पहिल्या वर्षी मी राबाची समजूत ट्रेमध्ये आणली. परसातली तांबडी माती चाळली, त्यात कुजकं शेणखत घातलं आणि कप दाबून भरले. बारा ट्रे होते. उगवण चांगली झाली. उगवल्यानंतर आठव्या-नवव्या दिवशी रोपं बुंध्याशी पाणचट होऊन आडवी पडायला लागली. सकाळी एक, दुपारी पाच, दुसऱ्या दिवशी अर्धा ट्रे. कृषी सहायकांनी पाहून सांगितलं, डॅम्पिंग ऑफ, म्हणजे रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी हे करतात आणि ओल जिथे हटत नाही तिथे त्यांचं फावतं. मी तर पाणी मोजून देत होते, मग ओल हटत का नव्हती?

त्याचं उत्तर भांडी घासायच्या स्पंजात सापडतं. कोरा, लांबट चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळून थांबेल. थांबलं की तोच स्पंज, न पिळता, उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच आणि पाणीही तेच, बदलली ती उंची. कुठल्याही भरणीच्या तळाशी एक थर असा असतो की जिथलं पाणी आपल्या वजनानं खाली गळत नाही. तो थर किती जाड, हे भरणीच्या कणांवर ठरतं. बारीक माती असेल तर जाड, भरड भरण असेल तर पातळ. आता जमिनीतला वाफा खोल असतो, त्यामुळे तो थर मुळांपासून दूर राहतो. ट्रेचा कप जेमतेम चार सेंटीमीटर खोल. बारीक मातीत तो ओला थर जवळजवळ अख्खा कप व्यापतो आणि मुळाला हवा उरत नाही.

तेव्हापासून मी ट्रे आणि भरण वेगवेगळं निवडत नाही. कप जितका उथळ, तितकी भरण भरड आणि हलकी. कप खोल असेल तर थोडी जड भरण चालून जाते. आणि हो, तळाशी खडे घालून निचरा होतो ही समजूत सोडून द्या. खड्यांनी कपाची उंचीच कमी होते, ओला थर वर सरकतो.

ट्रे

दुकानात कपांच्या संख्येवर ट्रे मागतात. भाजीच्या रोपांना ९८ किंवा १०४ कपांचा ट्रे सगळीकडे मिळतो. ९८ चा ट्रे म्हणजे सातच्या चौदा ओळी, लांबी हातभराहून थोडी जास्त. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, झेंडू या सगळ्यांना हा चालतो. वेलवर्गीयांना, म्हणजे काकडी, पडवळ, दोडका, कारलं यांना, ५० कपांचा घ्या. त्यांचं बी मोठं, पानं रुंद आणि मुळांना धक्का अजिबात सोसत नाही. त्याहून बारीक, दोनशेच्या वर कपांचे ट्रे असतात, पण ते मोठ्या रोपवाटिकांसाठी. घरात ते दिवसातून दोनदा सुकतात. ते हौसेनं आणलेल्या दोघींची रोपं मी वाळलेली पाहिली आहेत.

माझा स्वतःचा कल असा, की पहिल्यांदा करणाऱ्याने मिरचीलाही ५० चाच ट्रे घ्यावा. जागा जास्त जाते, भरण जास्त लागते, पण एखाद्या दिवशी पाणी चुकलं तर रोप तग धरतं. आणि लावणी आठवडाभर लांबली तरी मुळं कपात गरगर फिरून गुंतत नाहीत. आमच्याकडे भातकापणी पावसामुळे लांबणं नेहमीचंच आहे.

गणित करून मगच ट्रे आणा. मिरची ६० × ४५ सेंटीमीटरवर लावली तर गुंठ्याला पावणेचारशे रोपं लागतात. म्हणजे ९८ चे चार ट्रे, न उगवलेल्या आणि मेलेल्या रोपांसाठी पाचवा.

दुकानात ट्रे हातात घेऊन दोन टोकांना धरून हलवा. लगेच पिळवटला तर तो भरल्यावर उचलता येणार नाही, मध्ये मोडेल आणि भरण भेगाळेल. जाड ट्रे चार-पाच हंगाम जातो, पातळ एकच. मग कप उलटा करून तळाचं भोक पाहा. पेन्सिलीचं टोक आरपार गेलं पाहिजे. काही ट्रेंची भोकं साच्यातच अर्धवट राहिलेली असतात, ती घरी तापवलेल्या खिळ्यानं मोकळी करावी लागतात. कपाच्या भिंती वर रुंद, खाली निमुळत्या आणि आतून गुळगुळीत असाव्यात, नाहीतर गड्डी सुटत नाही.

ट्रे जमिनीवर टेकवून ठेवू नका. मी पोफळीच्या दोन रिपा विटांवर टाकून त्यावर ट्रे ठेवते. भोकातून बाहेर डोकावणारं मूळ खालच्या हवेत सुकतं, मग ते वरच्या वर फुटवे काढतं आणि गड्डी घट्ट होते. जमिनीला टेकलेल्या ट्रेची मुळं खालच्या शेणात किंवा कोब्याच्या ओलीत घुसतात आणि उचलताना तुटतात.

ट्रे नसेल तर? दहा-वीस रोपांसाठी घरात पुष्कळ काही असतं. नारळाची करवंटी उत्तम, तिचा मऊ डोळा खिळ्यानं फोडला की भोक तयार. टोमॅटो तिच्यात सुरेख होतो. केळीच्या सोपाचा पेला काकडीला फार चांगला, कारण तो तसाच मातीत लावता येतो, मुळांना धक्काच लागत नाही. सोप आडवा कापून, गोल वळवून काडी टोचायची. महिन्याभरात तो कुजतो, वेलाला तेवढा वेळ लागतही नाही. श्रीखंडाचे, दह्याचे डबे चालतात, तळाला चार भोकं हवीत. सुपारीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्याचा, द्रोण करून एकत्र बी टाकलं तरी चालतं, पुढे रोपं दोन पानांवर असताना अलगद वेगळी करायची. एक मात्र मी कोणालाच सुचवत नाही, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. फारच उथळ, आणि आमच्या दमट हवेत चौथ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी चढते.

भरण

कोकणात राहून मी कोकोपीट विकत आणते याचं लोकांना नवल वाटतं. दारात सोडणांचा, म्हणजे नारळावरच्या सालांचा, ढीग असतो. पण सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला ताजा भुसा आणि रोपांसाठी तयार केलेलं कोकोपीट यांत फरक आहे, तो मी एक हंगाम घालवून शिकले. स्वस्त मिळाला म्हणून काथ्याचा भुसा चार गोणी आणला. रंग छान पिंगट, हाताला हलका. मिरची उगवली, पण दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या आणि रोपं होती तेवढीच राहिली. सोडणं बऱ्याचदा खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात. ते मीठ भुशात उतरतं. नारळाच्या सोडणात मुळातही पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतातच. त्यातून ताज्या भुशात टॅनिन असतं, आणि तो कुजताना आजूबाजूचं नत्र स्वतःच ओढून घेतो, रोपाला मिळू देत नाही.

म्हणून धुतलेलं कोकोपीट घ्यावं, वेष्टनावर ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी) किंवा ‘वॉश्ड’ लिहिलेलं असतं. लिहिलेलं असलं तरी मी एकदा धुतेच. साडेसहाशे ग्रॅमची वीट घमेल्यात भिजत घालायची. ती फुगून आठ-नऊ लिटर होते. मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधून, वरून गोडं पाणी ओतत दोन-तीनदा निथळू द्यायचं. पहिलं पाणी चहासारखं येतं, शेवटचं फिकट आलं की पुरे.

तरीही शंका असेल तर पैसे आणि बी घालवण्याआधी एक परीक्षा करा. एका वाटीत ते कोकोपीट, दुसऱ्या वाटीत नेहमीची चांगली माती. दोन्हीत वीस-वीस दाणे मोहरी टाका. मोहरी तीन-चार दिवसांत वर येते. कोकोपीटमधली मागे राहिली किंवा मुळाची टोकं तपकिरी पडली तर ते अजून धुवायला हवं. आमच्या वाडीत आता ही परीक्षा सगळ्याजणी करतात.

नुसत्या कोकोपीटमध्ये उगवण होते, पण रोपाला खायला काही नसतं, आणि पावसाळी हवेत ते फार वेळ ओलं राहतं. माझं मिश्रण असं: चार भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग काळं तूस. तूस भाताच्या गिरणीतून आणते आणि पत्र्यावर अर्धवट जाळते. काळं पडलं की पाणी मारायचं, पांढरी राख होऊ द्यायची नाही. काळं तूस भरड राहतं आणि भरणीत हवेच्या वाटा ठेवतं. राख उलट बारीक असते, त्या वाटा बुजवते आणि भरण जास्त अल्कधर्मी करते. शहरात तूस मिळत नसेल तर त्याच्या जागी परलाइट, म्हणजे फुगवलेले हलके पांढरे खडे, वापरा, काम तेच होतं. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज, तेही लोक घालतात, पण ते पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात गच्चीवर रोपं करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, परतीच्या पावसात मला नाही.

गांडूळखत वाढवण्याचा मोह होतो. एक चतुर्थांशाच्या वर कधीच जाऊ नका. ते बारीक असतं, कपात चिकट होतं, आणि जास्त झालं तर त्यातले क्षार कोवळ्या मुळाला सोसत नाहीत. चिलटंही त्यावरच येतात. ताजं शेण, लाकडाचा भुसा आणि किनाऱ्यावरची वाळू यांतलं काहीही ट्रेत घालू नका. तांबडी माती तर नकोच, आमची जांभ्याची माती कपात सुकली की विटेसारखी होते.

९८ च्या एका ट्रेला साधारण अडीच लिटर भरण लागते. वर सांगितलेल्या प्रमाणात एका विटेतून बारा लिटर होतं, म्हणजे गुंठ्याच्या पाच ट्रेंचं काम जवळजवळ एका विटेत भागतं. या बारा लिटरमध्ये मी दोन चमचे ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या मित्रबुरशीची, पावडर कालवते आणि गोणपाटाखाली सावलीत दोन दिवस ठेवते. बी घरचं असेल तर त्यालाही चिमूटभर चोळते. पाकिटातलं गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. त्याला आणखी काही लावायचं नाही, आणि पेरल्यावर हात साबणानं धुवायचे.

भरणं आणि पेरणं

भरण कोरडी भरली तर पुढे पाणी वरच्या वर वाहून जातं. चिखल करून भरली तर पुन्हा तोच स्पंज. मुठीत घट्ट दाबा: बोटांतून एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, टोचला की फुटावा. कप भरताना दाबू नका. वरून सैल भरायची, ट्रे जमिनीवर दोनदा आपटायचा, बसलेली जागा पुन्हा भरायची. मग रिकामा ट्रे वर ठेवून हलकासा दाबला की प्रत्येक कपात सारखा खळगा पडतो. खळगा अर्धा सेंटीमीटर, त्यात एक बी, वर तीच भरण पातळ.

पेरलेले पाचही ट्रे एकावर एक रचते, सगळ्यात वर रिकामा ट्रे आणि भोवती प्लास्टिकचा कागद. आत ऊब आणि ओल राहते, पाणी घालावं लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचं. टोमॅटो चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतो, वांगं आठवड्यात, मिरचीला आठ ते बारा दिवस लागतात. पहिले दहा-बारा कोंब दिसले की सगळे ट्रे उतरवायचे, बाकीच्यांसाठी थांबायचं नाही. एक दिवस उशीर झाला तरी कोंब वरच्या ट्रेला टेकून वाकतात, आणि वाकलेला देठ पुढे सरळ झाला तरी कमकुवतच राहतो.

मग ट्रे पडवीच्या कडेला, पण पागोळ्यांपासून दोन हात आत. पागोळीचा शिंतोडा अंगणातली माती पानावर आणतो आणि तिच्याबरोबर रोगही. उजेड एकाच बाजूनं येतो, म्हणून ट्रे रोज फिरवायचे. घटाच्या रुजवणासारखी रोपं पिवळी, लांब झाली तर उजेड कमी पडतोय. ढगाळ आठवडा आला तर मी वीतभर वर एलईडीची नळी लावते, वीज असेल तेवढा वेळ, दिवसाला बारा-चौदा तास. शहरातल्या बंद गॅलरीत हेच करावं लागेल.

उंदीर काकडीचं बी बरोबर हुंगून काढतात, म्हणून त्या ट्रेवर रात्री तारेची जाळी.

पाणी वरून झारीनं नको. पसरट परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवा, वरची भरण गडद झाली की काढा. ट्रे उचलून वजन ओळखायला शिका. हलका लागला तरच पाणी. मिरचीला मी ढगाळ दिवसांत तीन-तीन दिवस पाणी दिलेलं नाही, आणि रोपं उत्तम होती. बीजपानांनंतरची खरी दोन पानं आली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा.

टोमॅटो २१ ते २५ दिवसांत, वांगं महिन्याभरात, मिरची ३५ ते ४० दिवसांत लावायला येते. काकडी-पडवळाला दोन आठवड्यांच्या वर ट्रेत ठेवू नका. लावणीच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि ट्रे सकाळच्या उन्हात सरकवा. लावणीच्या दिवशी तासभर आधी भिजवा, कपाचा तळ खालून चिमटीत दाबा आणि रोप पानाला धरून ओढा. देठाला धरायचं नाही, तिथेच ते मोडतं. पांढऱ्या मुळांनी बांधलेली गड्डी अख्खी आली पाहिजे. भरण सांडली तर रोप अजून तयार नाही, ट्रे चार दिवस तसाच राहू द्या.

रिकामे ट्रे त्याच दिवशी धुवा. वाळलेली मुळं भोकांत अडकली की पुढच्या वर्षी निघत नाहीत. धुऊन झाले की ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, अर्धा तास बुडवायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि सावलीत वाळवून माळ्यावर ठेवायचे. उन्हात ठेवलेलं प्लास्टिक वर्षभरात कडकड मोडतं. जुनी भरण पुन्हा ट्रेत वापरत नाही, ती अळवाच्या आळ्यात जाते. वाडीतल्या बायका रोपं न्यायला चारनंतर येतात. गड्ड्या ओल्या विरीत आडव्या रचून देते, वर केळीचं पान, आणि ऊन उतरता उतरता ती खाचरात लागतात.